ताईचे सहा अर्ज

आमच्या रायपूरच्या घरात एका विषयाला दोन नावे आहेत. आजीशी बोलताना तो विषय संख्याशास्त्र असतो आणि दाराबाहेर पाऊल टाकले की त्याची सांख्यिकी होते. माझी ताई गणितात एम.एस्सी. झाली आणि तिने ठरवले की आता अमेरिकेत जाऊन संख्याशास्त्रात पीएच.डी. करायची. गणित सोडून तिकडे का जायचे, हे आजीला समजावताना तिचे दोन्ही भाषांतले शब्द संपले. सगळे ऐकून घेऊन आजी म्हणाली, "अगं, मोजायचंच आहे तर इथे मोजायला काय कमी आहे?"

मी हॉस्टेलवर ही गोष्ट सांगितली तेव्हा बहुतेक मुलांना वाटले की एखादी मोठी परीक्षा असेल, ती पास झाली की प्रवेश. मलाही आधी एवढेच माहीत होते. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ताईच्या शेजारी बसून तिचे अर्ज भरताना पाहिले, तिच्या निबंधातले शब्द मोजून दिले, आणि तेव्हा ही सगळी व्यवस्था थोडीफार कळली. ती आधी सांगतो.

अमेरिकेत पीएच.डी.साठी एकच सामाईक प्रवेश परीक्षा नाही. प्रत्येक विद्यापीठाला वेगळा अर्ज करावा लागतो आणि बहुतेकांची मुदत डिसेंबरमध्ये संपते. अर्जासोबत गुणपत्रिका, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, आपल्याला शिकवलेल्या तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रे आणि स्वतः लिहिलेला एक निबंध द्यावा लागतो. मी काय शिकलो, पुढे काय करायचे आहे आणि हाच विषय का, हे त्या निबंधात सांगायचे असते. जीआरई नावाची परीक्षा काही ठिकाणी लागते, बऱ्याच ठिकाणी आता ऐच्छिक झाली आहे. संख्याशास्त्रात बी.एस्सी. असलीच पाहिजे असे नाही. गणिताची मुले त्यांना चालतात, कारण संभाव्यतेचा खोल अभ्यास करायचा तर वास्तव विश्लेषण आणि रेषीय बीजगणित पक्के लागते. ताईचे तेच पक्के होते. खऱ्या आकडेवारीवर काम केल्याचा अनुभव मात्र तिच्याकडे जवळजवळ नव्हता.

हे सगळे पाहताना मला एसएसबीची आठवण झाली. एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताला 300 आणि सामान्य क्षमता चाचणीला 600 गुण असतात. त्यानंतर एसएसबीला पुन्हा 900. म्हणजे अर्धे गुण कागदाचे आणि अर्धे माणसाचे. एसएसबीत निदान पाच दिवस तुम्हाला प्रत्यक्ष पाहतात. तुम्ही अडथळा कसा ओलांडता, गटात कसे बोलता हे त्यांना दिसते. ताईला मात्र कोणी पाहणार नव्हते. दूरच्या खोलीत बसलेली चार-पाच माणसे काही पाने वाचून ठरवणार होती की ही मुलगी पाच वर्षे संशोधन करू शकेल की नाही. रायपूरचे महाविद्यालय त्यांना माहीत नाही, तिथे पंच्याऐंशी टक्के मिळवणे सोपे की अवघड हे माहीत नाही, शिफारस करणारे सरही माहीत नाहीत. परदेशातून अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याची खरी अडचण हीच असते.

दुसरी गोष्ट पैशाची. एका अर्जाची फी साधारण 75 ते 125 डॉलर असते. सहा अर्ज म्हणजे पन्नास हजार रुपयांच्या आसपास, आणि परीक्षांची फी वेगळी. तात्यापाऱ्यात बाबांचे स्टेशनरीचे छोटे दुकान आहे. त्यांच्या खर्चाच्या वहीत त्या वर्षी दोन मोठ्या नोंदी होत्या, माझ्या शाळेची फी आणि ताईचे अर्ज. ताईला दहा ठिकाणी अर्ज करायचे होते. तिने यादी स्वतःच कापून सहावर आणली. कोणी सांगितले नव्हते. मी विचारल्यावर म्हणाली, "तुझा नवा युनिफॉर्म पण यायचाय ना?" आणि विषय बदलला.

प्रवेश मिळाल्यावर मात्र खर्च उलट दिशेने चालतो. तिथली बहुतेक विद्यापीठे पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची फी माफ करतात आणि वर दरमहा विद्यावेतन देतात. त्या बदल्यात पदवीच्या मुलांना शिकवायचे, त्यांच्या उत्तरपत्रिका तपासायच्या. म्हणून आमच्या घरासाठी प्रश्न नुसत्या प्रवेशाचा नव्हता. विद्यावेतनासह प्रवेश, नाहीतर काही नाही, असा तो हिशेब होता.

ताईच्या आधी हा रस्ता चाललेली मराठी माणसे आहेत आणि मला ती फार उशिरा कळली. आपल्याकडे सातारा म्हटले की सैनिक आठवतात. त्याच सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 27 जुलै 1911 रोजी पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकले, 1932 मध्ये पदवीधर झाले आणि पुढच्या वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये गेले. त्या काळी तिथे रोनाल्ड फिशर आणि एगॉन पिअरसन असे दोन प्रमुख होते, आणि त्या दोघांचे पटत नसे. 1934 मध्ये तिथे जर्झी नेमन आले. थोडे नमुने घेऊन पूर्ण देशाबद्दल खात्रीने कसे बोलायचे, याचे गणित नेमन त्याच वर्षांत मांडत होते. सुखात्मे यांनी ते तिथेच आत्मसात केले. 1936 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. 1919 साली कोल्हापुरात जन्मलेले वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्याकडे शिकून 1949 मध्ये डॉक्टर झाले. पुणे विद्यापीठात 1953 साली संख्याशास्त्राचा विभाग त्यांनी सुरू केला. आज महाराष्ट्रातली मुले विदेशात न जाता हा विषय शिकू शकतात, त्यामागे अशी परत आलेली माणसे आहेत.

आपल्या शाळेतल्या मुलांना मात्र सी. आर. राव यांची गोष्ट जास्त आवडेल. आंध्र विद्यापीठात गणित शिकून ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराच्या सर्वेक्षण विभागातल्या गणितज्ञाच्या जागेसाठी मुलाखत द्यायला कलकत्त्याला गेले. ती नोकरी मिळाली नाही. पण त्याच मुक्कामात त्यांना प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेची माहिती कळली आणि 1941 च्या जानेवारीत ते तिथे दाखल झाले. पुढे 1948 मध्ये केंब्रिजला फिशर यांच्याकडे त्यांनी पीएच.डी. केली. 2023 मध्ये, वयाच्या 102 व्या वर्षी, त्यांना संख्याशास्त्राचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले. लष्कराने त्या दिवशी त्यांना घेतले असते तर काय झाले असते, हे कोणी सांगू शकत नाही.

आता ताईच्या निबंधाकडे येतो. पहिल्या खर्ड्याची सुरुवात होती की लहानपणापासून मला गणिताची आवड आहे. तिच्या सरांनी ते वाक्य खोडले आणि समासात लिहिले, "सबको होती है." पुढे एवढेच विचारले होते की तू स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलेस ते कुठे आहे?

ताई दोन दिवस गप्प होती. मग तिने बाबांना विचारून अभनपूरकडच्या त्यांच्या एका मित्राच्या शेतावर जायचे ठरवले आणि मलाही सोबत नेले. छत्तीसगडला धान का कटोरा म्हणतात. दिवाळीच्या सुमारास इकडे भातकापणी चालू असते. त्या दिवशी गावात पीक कापणी प्रयोग होता. सरकारला कसे कळते की जिल्ह्यात हेक्टरी किती भात पिकला? सगळे शेत मोजता येत नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखी काही शेते निवडतात, त्या शेतात यदृच्छेने एक जागा ठरवतात, खुंट्या ठोकून दोरीने चौकोन आखतात, तेवढाच भात कापून, झोडून तोलतात. त्या वजनावरून पूर्ण जिल्ह्याचा अंदाज निघतो. आणि आता पीक विमा किती मिळणार, हेही अशाच आकड्यांवर ठरते.

पटवारी दोरी ताणत होते. एक रोप बरोबर दोरीखाली आले. ते आतले की बाहेरचे? कापणाऱ्याने ते आतले धरले. ताईने वही काढली आणि बांधावर बसूनच मला गणित घातले. समज, प्रत्येक बाजूला पाच सेंटीमीटरपर्यंतची बाहेरची रोपेही आत धरली. चौकोन एक मीटरचा असेल तर तो खरा 1.1 मीटरचा झाला. क्षेत्रफळ 1.21, म्हणजे उत्पन्न 21 टक्के जास्त दिसणार. चौकोन पाच मीटरचा असेल तर 5.1 गुणिले 5.1 म्हणजे 26.01, आणि असायला हवे 25. चूक फक्त 4 टक्के. दोरी तीच, माणूस तोच, पण चौकोन लहान केला की फुगवटा वाढतो.

हीच गोष्ट सुखात्मे यांनी 1940 नंतर भारतीय कृषी संशोधनाच्या कामात प्रत्यक्ष शेतांवर दाखवून दिली होती. लहान चौकोनांमुळे उत्पन्नाचा अंदाज वाढीव येतो, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले आणि त्यावरून खुद्द महालनोबिस यांच्याशी त्यांचा वाद झाला. ज्या देशात बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली होती, तिथे धान्य आहे त्यापेक्षा जास्त दिसणे म्हणजे काय, हे समजायला संख्याशास्त्र लागत नाही. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत रोमला ते 1970 पर्यंत संख्याशास्त्राचे प्रमुख होते आणि जगातल्या उपासमारीचा हिशेब मांडत राहिले.

घरी येऊन ताईने निबंध नव्याने लिहिला. त्यात दोरीखालचे रोप होते, ते गणित होते, आणि तिला पडलेला एक प्रश्न होता. कडेची रोपे कोण आत धरतो हे माणसागणिक बदलते, मग ही चूक मागाहून आकड्यांतून काढता येईल का? मी शब्द मोजले. नऊशे ऐंशी भरले. सर या वेळी काही खोडल्याशिवाय म्हणाले, "अब भेजो."

अर्ज पाठवायच्या आदल्या रात्री तिने मला दहावीच्या पुस्तकातली संभाव्यता वापरायला लावली. समज, प्रत्येक ठिकाणी प्रवेशाची शक्यता दहात एक आहे. दहाही ठिकाणी नकार मिळण्याची शक्यता 0.9 चा दहावा घात, म्हणजे साधारण 0.35. म्हणून निदान एक होकार मिळण्याची शक्यता 65 टक्के. सहा अर्ज असतील तर ती 47 टक्के होते. म्हणजे यादी कापल्यामुळे अर्ध्याहून जास्त असलेली आशा अर्ध्याच्या खाली आली. मग तिने विचारले, "यात गृहीत काय धरलंय, सांग." उत्तरही तिनेच दिले. हे सूत्र प्रत्येक अर्ज दुसऱ्यापासून स्वतंत्र असेल तरच चालते. इथे तीच गुणपत्रिका, तीच तीन पत्रे, तोच निबंध सहा ठिकाणी जाणार. एका ठिकाणी जे कमी वाटेल ते सगळीकडेच कमी वाटू शकते. "म्हणजे सहा नाणी उडवत नाही आहोत," ती म्हणाली. "थोडंफार एकच नाणं सहा वेळा दाखवतोय."

मी शाळेत परतलो. रविवारच्या फोनवर एकेक निकाल कळत गेला. फेब्रुवारीत दोन नकार, मार्चमध्ये आणखी दोन. एका ठिकाणी प्रतीक्षायादीत नाव होते. एका विद्यापीठाने पीएच.डी.ला नाही म्हटले, पण स्वखर्चाने मास्टर्सला या, असे कळवले. विद्यावेतनाचा स्वीकार कळवण्याची शेवटची तारीख बहुतेक विद्यापीठांत 15 एप्रिल असते. तोपर्यंत वरची मुले जागा सोडतात आणि प्रतीक्षायादी पुढे सरकते. ती सरकली, पण ताईपर्यंत आली नाही.

त्या आठवड्यात घरी काय झाले ते मला उन्हाळ्याच्या सुट्टीत आईने सांगितले. बाबा म्हणाले होते, "बेटा, मास्टर्सला जा. घरावर कर्ज काढू." ताईने त्यांना कागदावर हिशेब करून दाखवला. दोन वर्षांची फी, राहण्याचा खर्च, व्याज, आणि शेवटच्या ओळीत माझ्या शाळेची उरलेली वर्षे. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही घर द्याल हे मला माहीत आहे. म्हणूनच मी नाही म्हणते." आईने हे सांगितले तेव्हा ताई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी वर जाऊन तिला मदत केली. त्याबद्दल आम्ही काही बोललो नाही.

मी तिला एकदा विचारले होते की प्रवेश मिळालेल्या मुलांचे अनुभव तू एवढे वाचलेस, त्यांचा उपयोग झाला नाही का? तेव्हा तिने मला अब्राहम वाल्ड यांच्याबद्दल सांगितले. हेही मूळचे गणिताचे. 1931 मध्ये व्हिएन्नात त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळवली, नाझींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर 1938 मध्ये ते अमेरिकेत आले. दुसऱ्या महायुद्धात कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधन गटात त्यांच्यापुढे बॉम्बफेकी विमानांचा प्रश्न आला. परत आलेल्या विमानांवर गोळ्यांच्या खुणा कुठे किती आहेत याची नोंद होती. जिथे खुणा जास्त तिथे चिलखत वाढवावे, असे कोणालाही वाटेल. वाल्ड यांच्या हिशेबाचा अर्थ उलटा होता. ही परत आलेली विमाने आहेत, म्हणजे त्या जागी गोळी लागूनही विमान उडते. इंजिनावर गोळी लागलेली विमाने मोजायला परतच आली नाहीत.

"प्रवेश मिळालेले लोक म्हणजे परत आलेली विमानं," ताई म्हणाली. "ज्यांना मिळाला नाही ते लिहीत नाहीत."

हा लेख मी म्हणूनच लिहायला घेतला. मासिकात आपण नेहमी निवड झालेल्यांबद्दल वाचतो, आणि ते वाचायला आवडते. पण आपल्यापैकी अनेक जण एसएसबीहून पहिल्यांदा निवड न होता परततील. त्यातले काही दुसऱ्या, तिसऱ्या वेळी निवडले जातील, काही दुसऱ्याच वाटेने जातील. त्यांचाही हिशेब कुठेतरी असावा.

ताई सध्या रायपूरच्या एका महाविद्यालयात अतिथी व्याख्याता म्हणून बी.एस्सी.च्या मुलांना गणित शिकवते. संध्याकाळी आर नावाची संगणकभाषा शिकते. या हंगामात तिने सरांच्या ओळखीने पीक कापणीच्या आकड्यांवर खरे काम सुरू केले आहे, आणि ते काम करून घेणारे प्राध्यापक तिचे चौथे पत्र लिहिणार आहेत. डिसेंबरमध्ये ती पुन्हा अर्ज करणार आहे. फी या वेळी तिच्या पगारातून जाईल. शिवाय कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेची प्रवेश परीक्षाही देणार आहे. तिथे शिक्षणशुल्क नाही, उलट विद्यावेतन मिळते, आणि रायपूरहून हावड्याला एका रात्रीत पोचता येते. आजीचा प्रश्न तिने यादीतून काढून टाकलेला नाही, असे मला वाटते.

कोणाच्या घरी असा अर्ज भरला जात असेल तर तीन गोष्टी आधी विचारा. पैसे कोण देणार, पत्रे कोण लिहिणार, आणि हाच विषय का. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरे शोधावी लागतात. तिसऱ्यासाठी शेतावर जाऊन यावे लागले तर जाऊन यावे. मी बारावीनंतर एनडीएची परीक्षा देणार आहे. ताई म्हणते, तोपर्यंत माझा निकाल लागलेला असेल. मी रविवारच्या फोनवर विचारत राहणार आहे.